गुणलेखकाच्या लाल खुणा

ती घटना विसरलो, असं मी विचारणाऱ्यांना सांगत आलो. विसरलो नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकमधल्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. कबड्डीची जिल्हा स्पर्धा चालू होती. खबऱ्याने टीप दिली, मालेगावच्या संघाचा सामना आधीच ठरलेला होता. गुणलेखकाने सकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं, 'मालेगाव शेवटच्या पाच मिनिटांत कोसळणार', आणि संध्याकाळी तसंच झालं.

हा गुणलेखक एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. पन्नाशीचा, सरळ माणूस. त्याला त्याच्या गुणांच्या वह्यांसकट बोलावून घेतलं.

"काय ज्योतिषीबुवा," आमच्या हवालदाराने डिवचलं, "मला बढती कधी?"

"गेल्या वीस वर्षांत मिळाली का? नाही ना? मग अवघड दिसतंय."

मला हसू आलं, ते दाबलं.

"साहेब, बारा वर्षांचे गुण लिहून ठेवलेत. मालेगावचा संघ दमला की चढाईला एकाच गड्याला पाठवत राहतो. त्यावरून बोललो."

"मग उद्या कोण जिंकणार, सांगा," मी म्हणालो.

"एका सामन्यावर माझी परीक्षा नका घेऊ. कुणाचा गुडघा दुखतोय, ते वहीत नसतं."

"सांगा म्हणतो ना!"

त्याने सांगितलेला संघ दुसऱ्या दिवशी हरला. मी ठरवून टाकलं, वहीत काही दम नाही, म्हणजे आधीचं त्याला आतून कळलं होतं. गुन्हा दाखल करण्याइतका पुरावा नव्हता. त्याला सोडलं, पण 'वर्तन संशयास्पद' असा अहवाल आयोजकांना पाठवला. त्यांनी त्याला गुणलेखनातून कायमचं काढलं.

महिन्याभराने, वह्या परत देण्याआधी, मी त्या पहिल्यांदा नीट वाचल्या. प्रत्येक सामन्याआधी त्याने अंदाज लिहिला होता आणि चुकला तिथे स्वतःच लाल खूण केली होती. अशा खुणा पानोपानी होत्या. ज्याला निकाल आतून कळतो, तो इतका चुकेल कशाला?

वह्या न्यायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, आयोजकांना चार ओळी लिहाल का? त्या गुणलेखनाच्या टेबलाशिवाय मला दुसरं काही नाही हो."

"बघू," मी म्हणालो.

लिहिल्या नाहीत. माझाच अहवाल चुकीचा ठरला असता, आणि त्या वर्षी माझी बढती तोंडावर होती. ती मिळाली.

जुन्या नोंदींवरून केलेला अंदाज कधी खरा ठरतो, कधी चुकतो. एकदा खरा ठरला म्हणून मी त्या माणसाला बदमाश ठरवलं, एकदा चुकला म्हणून खोटारडा. तो निर्दोष होता. हे मला महिन्यात कळलं होतं. लिहायला त्याच्या मरणापर्यंत थांबलो.