गरम पाण्याची पिशवी

कपाट आवरताना आज रबराची गरम पाण्याची पिशवी हाती लागली आणि तिच्या उग्र वासाबरोबर दिंडोरीची प्रचारसभा आठवली. माझे पती सर्जन; टीव्हीवरच्या आरोग्याच्या कार्यक्रमामुळे घरोघरी पोचले आणि त्याच ओळखीवर त्यांना उमेदवारी मिळाली. सभा सुरू होण्याआधी द्राक्षबागेत छाटणीला जाणारी एक बाई मंचापाशी आली. "डॉक्टर, तुम्ही टीव्हीत सांगितलं व्हतं, पोट दुखलं का पिशवीनं शेकायचं. म्या पोरीला दोन दिस शेकलं. अपेंडिक्स फुटलं तिचं. लय मुश्किलीनं वाचली." शेजारचा कार्यकर्ता हळूच म्हणाला, "साहेब, माइकवर हा विषय नको. विरोधक व्हिडिओ फिरवतील." यांनी चष्मा पुसला आणि माइक हातात घेतला. "मी टीव्हीवर अर्धवट सांगितलं. पोटदुखी थांबत नसेल तर शेकत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. या ताईंची मुलगी माझ्या चुकीमुळे मरता मरता वाचली." मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक जण म्हणाला, "मतं मागायला आलाय का माफी?" "आधी माफी," हे म्हणाले. व्हिडिओ खरोखरच फिरला आणि हे निवडणूक हरले. आता हे गेले; उद्या त्यांची शोकसभा आहे. तोच कार्यकर्ता सकाळी फोनवर म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोलाल तेव्हा दिंडोरीचं तेवढं काढू नका." मी त्याचं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि भाषण लिहायला बसले. पहिलं वाक्य दिंडोरीचंच आहे.