झेंडू खाल्लेला कम्प्युटर

आयुधपूजेच्या दिवशी दुपारी आमच्या कम्प्युटरने झेंडूचं फूल खाल्लं.

खाल्लं म्हणजे चांगलं कर्रकर्र आवाज करत खाल्लं. त्या वेळी माझी मुलगी मुक्ता त्याच कम्प्युटरवर कॉलेजच्या टीमकडून ऑनलाइन गेमची सेमीफायनल खेळत होती. तिच्या जुन्या लॅपटॉपने तापून तापून ऐन सामन्यात मान टाकली होती, आणि तीही एकदाच नव्हे. तेव्हा टीमची कॅप्टन निवेदिता तिला फार गोड आवाजात म्हणाली होती, "पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल हं." म्हणजे नवा कम्प्युटर थंड राहिला तर पोरीची टीममधली जागा राहणार होती. तो थंड ठेवायची जबाबदारी मी, कुणीही सांगितलेलं नसताना, स्वतःकडे घेतली.

कारण उष्णता हा माझा प्रांत! मी इकडे तमिळ मुलखात एन्नोरच्या एका वीज केंद्रात बॉयलरवर इंजिनिअर आहे. शिवाय मला स्वस्थ बसवत नाही. एखादी वस्तू नीट चालली आहे हे दिसलं की माझे हात शिवशिवतात. (घरातला मिक्सर, गीझर आणि सासऱ्यांचं श्रवणयंत्र याच हातांनी गेलं.)

आम्ही वेलचेरीत तळमजल्यावर राहतो. वेलचेरीत तळमजल्यावरचा माणूस जमिनीवर चपलांखेरीज काही ठेवत नाही. पाऊस कधी घरात येऊन बसेल सांगता येत नाही. त्यामुळे कम्प्युटर टेबलावरच मावला पाहिजे, म्हणून मुक्ताने अगदी छोटं कॅबिनेट निवडलं. दिवाळीचे लाडू ठेवायचा डबा असतो ना, तेवढं.

"यात ग्राफिक्स कार्ड बसणार?" मी विचारलं.

"बसतं. लांबी बघून घेतलंय."

"थोडं मोठं घे ना. पुढे उपयोगी पडेल."

"बाबा, ते शाळेचे बूट नाहीयेत."

तरी प्रोसेसरवरचा कूलर मी माझ्या पसंतीने मागवलाच. भला थोरला, पितळी रंगाचा, बघूनच छाती थंड व्हावी असा. तो बसला, पण कॅबिनेटचं झाकण लागेना. मी गुडघा लावून पाहिला. बायको राजेश्वरी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तो कम्प्युटर आहे, सुटकेस नव्हे." कूलर परत गेला आणि मुक्ताने निवडलेला बुटका कूलर आला. त्याच्याखाली उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावतात. मी म्हटलं, एवढं तरी मला करू दे. साबुदाण्याएवढा थेंब पुरतो म्हणे. मी उत्तप्प्यावर चटणी पसरावी तशी पसरली. मुक्ताने कापसाने सगळी पुसून काढली.

मग कार्ड कमी तापावं म्हणून तिने त्याला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी केलं, पंखे जुळवले, आणि तो डबा असा शांत आणि गार चालू लागला की मी दिवसातून कितीतरी वेळा त्याच्या पाठीवर हात ठेवून यायचो, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. ताप नव्हताच. मला करमेना.

अशात आयुधपूजा, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाची अवजारांची पूजा, आली. राजेश्वरीचं माहेर तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातलं. तिचे वडील, म्हणजे माझे मामा (सासऱ्यांना इकडे मामाच म्हणतात), कुंभकोणमहून पूजेला आले. येताना पिशवीभर झेंडू, चंदन, विभूती आणि सांब्राणीचा धूप. त्यांनी सुरी, शिवणयंत्र, माझा पान्हा, स्कूटरची किल्ली असं सगळं टेबलावर सरस्वतीपुढे मांडलं आणि मग कम्प्युटरकडे बोट केलं.

"हेंही आयुधच अहे. पूजेंत राहूं दे."

"आजोबा, दुपारी मॅच आहे," मुक्ता म्हणाली.

"आज आयुध निजायाचा दिवस, कण्णा. उद्यां विजयादशमीला उठवायाचं. तोंवर हात लावूं नये." (कण्णा म्हणजे बाळा.)

"पण मॅच आजच आहे. ते लोक माझ्यासाठी थांबणार नाहीत."

मुक्ताचा चेहरा उतरला. मामांचा आधीच उतरलेला होता, कारण नात ऐकत नव्हती. राजेश्वरी माझ्याकडे बघू लागली. वडील आणि लेक यांच्यामध्ये सापडली की ती नेहमी माझ्याकडेच बघते, आणि मी नेहमी काहीतरी सुचवून बसतो.

"मामा," मी म्हटलं, "आम्ही मूळचे मिरजेचे. आमच्याकडे अवजाराची पूजा झाली की लगेच त्याच्याकडून थोडं काम करून घेतात. तेव्हा असं करू या. सजावट तुमच्या पद्धतीने, वापर आमच्या पद्धतीने."

मिरजेत असं खरोखर करतात की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण मामा म्हणाले, "सरी, चालेल. पण हार उतरवायाचा नाहीं."

"मुळीच नाही!" मी शब्द दिला.

पूजा सुरू झाली. आधी कम्प्युटरचं तोंड पूर्वेला हवं म्हणून मी तो फिरवला. त्यामुळे गार हवा आत घेणारी जाळी धुपाकडे झाली आणि गरम हवा सोडणारी सोफ्याकडे. मग मामांनी त्या जाळीवरच चंदनाचे ठसठशीत ठिपके दिले. जाळीची भोकं एकेक बुजत गेली. वर विभूतीचे पट्टे, त्यावर झेंडूचा घसघशीत हार.

"बाबा, हवा कुठून जाणार?" मुक्ता कुजबुजली.

"फुलांतून जाते हवा. नैसर्गिक गाळणी आहे," मी म्हणालो. बॉयलरवर इतकी वर्षं काढलेला माणूस हे म्हणाला.

मग सांब्राणी पेटली. मुक्ताने आधीच मशीन चालू करून ठेवलं होतं. धुराचा लोट उठला, टेबलावर पसरला आणि बघता बघता एका सुरात कम्प्युटरकडे वळून हारामधून आत शिरला. मामा थक्क झाले. त्यांनी हात जोडले, डोळे भरून आले.

"देवी घेते अहे," ते म्हणाले. "माप्पिळ्ळै, पाहा, देवी घेते अहे!"

आतला पंखा धूर ओढतोय हे मला स्पष्ट दिसत होतं. पण लग्नानंतर पहिल्यांदाच मामांनी मला इतक्या प्रेमाने माप्पिळ्ळै, म्हणजे जावईबापू, म्हटलं होतं. मी पण हात जोडले.

सामना सुरू झाला. मुक्ता हेडफोन लावून बसली, मी सोफ्यासमोर तिच्या मशीनला खेटून, पूजेच्या रेशमी सोवळ्यातच उभा राहिलो. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसत होतं. ते सत्तरीत होतं, ते ऐंशीत आलं, मग नव्वदीकडे निघालं.

"एसी वाढव," मी राजेश्वरीला म्हणालो. ती म्हणाली, तुम्हीच मघाशी धूर जावा म्हणून खिडक्या उघडल्यात. मी धावत खिडक्या लावल्या, धावत परत जागेवर आलो. तापमान वाढलंच. मी टेबलफॅन आणला आणि सरळ हारावर सोडला. झेंडू म्हणजे काय, इस्त्रीचं कापड नव्हे, तो सुटला. पाकळ्या उडाल्या, विभूतीचा ढग उठला आणि एक अख्खं फूल जाळीच्या फटीतून आत गेलं.

कर्रकर्रकर्र.

"बाबा, काय केलंस?"

"काही नाही. तू खेळ."

पडद्यावरचा मुक्ताचा शिपाई अडखळत पळू लागला. हेडफोनमधून निवेदिताचा आवाज मलाही ऐकू आला, "मुक्ता, आर यू देअर?" त्या आवाजातला गोडवा कमी झाला होता. पोरीची जागा माझ्या डोळ्यांदेखत जात होती, आणि ती मीच घालवत होतो.

फेरी संपली. पुढची सुरू व्हायला थोडा वेळ होता. मुक्ताने हेडफोन काढला, आजोबांकडे पाहिलं, मग हाराकडे.

मामा उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने हार उतरवला, उपरण्याच्या ओल्या टोकाने जाळीवरचं चंदन पुसलं आणि म्हणाले, "माणसाला श्वास लागतो, देवीला लागणार नाहीं कां? घे, कण्णा." राजेश्वरीने भुवया कोरायचा चिमटा आणला. मुक्ताने मशीन बंद करून झाकण उघडलं, पंख्यातून फुलाचे अवशेष ओढून काढले आणि पुन्हा सुरू केलं. मी माफी मागायची म्हणून तिच्या आणखी जवळ जाऊन उभा राहिलो.

पुढची फेरी लागली. हार नव्हता, चंदन नव्हतं, फूल नव्हतं. तरी आकडा नव्वदीला चिकटलेला.

मुक्ताने पडद्यावरून नजर न हलवता एक हात मशीनच्या मागे नेला. गरम हवा सोडणाऱ्या जाळीवर. तिथे तिच्या हाताला रेशीम लागलं.

"बाबा."

"काय गं?"

"हे तुझं सोवळं आहे का?"

मी खाली पाहिलं. पूर्ण जाळी माझ्या नेसत्या सोवळ्याने आणि त्यामागच्या माझ्या पोटाने झाकलेली होती. मघापासून पोट इतकं गरम का लागतंय याचं कारण मी काळजी असं समजत होतो.

"मागे हो. आणखी मागे. नाही बाबा, तू बाहेर जा."

मी बाहेर गेलो. मामा सोबतीला आले. आम्ही दोघं पार्किंगमध्ये प्रसादाच्या सुंडलचे, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचे, द्रोण घेऊन उभे राहिलो. मी येरझारा घालत होतो आणि मामा, जुन्या मराठीत, "बसा कीं" म्हणत होते. शेवटी राजेश्वरी दार उघडून आली. सत्तरीत आलं म्हणाली. मग म्हणाली, जिंकल्या.

त्या संध्याकाळी निवेदिताचा मुक्ताला मेसेज आला. अभिनंदन नाही, आभार नाही, एकच प्रश्न: फायनलला अंकल घरी असणार आहेत का?

फायनलच्या दिवशी मला साप्ताहिक सुट्टी होती. मी साहेबांकडे जाऊन ड्यूटी मागून घेतली.

"सुट्टीच्या दिवशी बॉयलरवर?" साहेब म्हणाले. "घरी काही प्रॉब्लेम?"

"नाही सर," मी म्हणालो. "घरात कूलिंगचं काम चाललंय. मी बाहेर असलो की होतं."