बोटीवरचा एक घास

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत समुद्र बघितलेली माणसं तशी भरपूर. गणपतीपुळ्याला जायचं, विजार गुडघ्यापर्यंत वर करायची, लाटेत दोन पावलं टाकायची आणि भजी खाऊन परत यायचं. पण चार-चार दिवस पाण्यावर राहून आलेली एकच, अंजनाबाई पाटील. तीही एकदा नव्हे, तीनदा. त्यामुळे गल्लीत कुणाच्या डोक्यात क्रूझचं खूळ शिरलं की त्याचे पाय आपोआप पाटलांच्या गोठ्याकडे वळत.

बाई म्हशींपुढे वैरण टाकता टाकता सल्ला देत. पासपोर्ट लागत नाही, गोव्यापर्यंत आधार कार्ड चालतं, पण तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं हवं. मोठी बॅग बंदरावरच काढून घेतात आणि ती खोलीत पोचायला संध्याकाळ होते, तेव्हा गोळ्या आणि एक साडी हातातल्या पिशवीत ठेवायची. वरच्या मजल्यावर वारा असा, की पदराला पिना नसतील तर अब्रू बोटीच्या आधी गोव्याला पोचते. हे सगळं त्या इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं या बाईचा जन्मच बोटीवर झाला.

खरं तर अंजनाबाईंना गारगोटीच्या एसटीतसुद्धा मळमळतं. मग ही बाई तीन-तीनदा बोटीवर कशाला गेली, हे गल्लीत कुणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं. बोटीवर त्यांचा सम्राट होता.

नाव सम्राट आणि काम लोकांपुढं ताटं मांडायचं. पोरानं हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि बोटीवर नोकरी धरली, तेव्हा अण्णासोंनी घर डोक्यावर घेतलं होतं. अण्णासो म्हणजे अंजनाबाईंचे यजमान. घरच्या म्हशी, आणि रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर धारोष्ण दुधाचा धंदा. म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळायची आणि फेसाळलेला गिलास हातात द्यायचा. तालमीत वाढलेला गडी, शब्दाला पक्का आणि जिभेला तिखट.

"पाटलाचं पोरगं लोकांपुढं वाढप्या म्हणून हुबं ऱ्हाणार?" ते म्हणाले होते.

"तुमी काय करताय मग, अण्णा? तुमीबी लोकांच्या हातात गिलासच देताय की," सम्राट म्हणाला.

"ती म्हस माझी हाय!" अण्णासो गरजले. आणि मग जे बोलू नये ते बोलून बसले, "जा. जलमभर लोकांची खरकटी घास. पर ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाय."

पोरानं खरोखरच ठेवला नाही. सुट्टी मिळाली की मुंबईत मित्रांच्या खोलीवर राही. बापाने बोलावल्याशिवाय येणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं आधी यावं, असं बापाचं. दोघं एकाच मातीचे. अंजनाबाईंनी दोन्हीकडे हात जोडून बघितले, जोतिबाला नवस बोलून बघितला, शेवटी दमून त्या गप्प झाल्या. बोटीवर काम करणाऱ्यांच्या घरच्यांना तिकीट स्वस्तात मिळतं असं सम्राट एकदा फोनवर म्हणाला, आणि लेकाला भेटायला ही बाई दर्यावर निघाली. दुसरीकडे भेटायची जागाच उरली नव्हती.

पहिल्या खेपेला त्यांनी घरचं भडंग, सुकं मटण आणि खर्डा नेला. बंदरावर यंत्रातून पिशवी गेली आणि सगळं काढून बाजूला ठेवलं गेलं. घरचं शिजवलेलं आत न्यायचं नाही, असा नियम. मटणाचा डबा मागे राहिला आणि त्या पुढं गेल्या. "घरचं काय नेऊ नगा बरं," असं त्या गल्लीत बजावत, ते या अनुभवावरून.

बोटीवर लेक भेटला तो टाय बांधून, हात मागे घेऊन उभा. भलंमोठं जेवणघर, काचेचे दिवे, शंभर तऱ्हेचे पदार्थ. अंजनाबाईंना तिथं एक घास गोड लागला नाही. घरात पोरगं जेवल्याशिवाय त्या कधी ताटावर बसल्या नव्हत्या. इथं त्या बसलेल्या आणि पोरगं उभं.

"तू कवा जेवणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमचं खाली असतंय, आई. तू जेव."

खाली म्हणजे कुठं, ते प्रवाशांना दिसत नाही. एका दारावर पाटी होती, पलीकडं फक्त कामगारांनी जायचं. अंजनाबाई त्या दारापाशी जाऊन उभ्या राहून आल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. चार दिवस तिन्ही त्रिकाळ पोरगं वाढायचं आणि आई जेवायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नशीब काढलं काकूंनी, लेकाच्या हातचं आयतं खातात. काकू हसायच्या.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे यंदा, सम्राट वाळला होता. सदऱ्याची गळपट्टी मानेभोवती ढिली झालेली, डोळे आत गेलेले. विचारलं तर म्हणाला, गर्दीचा सीझन आहे. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला अंजनाबाईंनी वरणभात मागून घेतला, चमचा बाजूला ठेवला आणि हातानं कालवला. सम्राट शेजारचं ताट उचलायला वाकला. त्याचं तोंड त्यांच्या हाताच्या उंचीवर आलं. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. पंचवीस वर्षांची सवय, हात आपोआप उठला.

"खा रं. येकच."

सम्राटनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. आणि त्याचं तोंड उघडलं. डोळे मिटून त्यानं तो घास गिळला, लहानपणी गिळायचा तसाच. पाठीमागे जेवणघराचा साहेब उभा होता.

तिसऱ्या दिवशी त्या टेबलावर दुसराच पोरगा आला. सम्राट कुठाय विचारल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "उसको नीचे भेजा है, माताजी. बर्तन में." पाहुण्याच्या ताटातलं खाल्लं, हा गुन्हा.

अंजनाबाईंच्या पायाखालची बोट पहिल्यांदाच खरी हलली. जेवण तसंच टाकून त्या स्वागतकक्षावर गेल्या आणि येईल तशा हिंदीत विनवणी केली. "पाहुणी नही, माँ है मैं. चूक मेरी है. उसको मत खाली भेजो, मेरेकू बोलो क्या बोलना है." तिथली मुलगी गोड हसली. इतकं गोड, की चीड यावी. आईने आपल्या लेकाला घास भरवला तर कुठल्या दुनियेत गुन्हा होतो, हे तिला समजावून सांगायला बाईंकडे शब्द नव्हते, आणि असते तरी तिच्या हातात काही नव्हतं. "मॅडम, हमारी सर्विस में कोई कमी है क्या?" तिनं विचारलं. कमी काही नव्हती. अंजनाबाई पुन्हा त्या पाटीच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या, तर एका पहारेकऱ्यानं अदबीनं त्यांना लिफ्टची वाट दाखवली.

उतरायच्या सकाळी सम्राट घाईघाईनं भेटायला आला. हात पाण्यानं पांढरे पडलेले, बोटांना सुरकुत्या.

"आई, फुडल्या खेपंला येऊ नगंस," तो म्हणाला. रागानं नाही, अगदी हळू. "तू आलीस की माझं मन ऱ्हात न्हाय कामावर."

त्यांनी मान हलवली. दुसरं काय करणार होत्या?

घरी आल्यावर अण्णासोंनी नेहमीप्रमाणे बॅग उचलून आत ठेवली आणि काही विचारलं नाही. कधीच विचारत नसत. तरी बाई सांगायला लागल्या की गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, कान इकडं ठेवून उभे राहत. या वेळी सांगण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी भांड्यांचं तर सांगितलंच नाही. सांगितलं असतं, तर 'खरकटी घास' हे शब्द आधी कुणी उच्चारले होते तेही निघालं असतं.

आठवड्याभरानं सकाळी वर्षाराणी आली, समोरच्या माळ्यावरच्या विजयसिंहची बायको. लग्नाच्या वाढदिवसाला दोघं त्याच बोटीनं निघाली होती. अण्णासो धार काढत बसले होते, बादलीत दुधाची सर वाजत होती.

"काकू, खोली कुठली घेऊ?"

"मधल्या अंगाची, खालच्या बाजूची. टोकाला घेतलीस तर पाळण्यात झोपल्यागत व्हतंय. आन आलेपाक जवळ ठेव. उपाशी ऱ्हाऊ नगंस, रिकाम्या पोटी जास्त मळमळतंय."

"आणि सम्राट भावजींना काय निरोप?"

"निरोप काय न्हाय," अंजनाबाई म्हणाल्या. मग त्यांचा धीर सुटला. "जमलं तर येवढं बघून ये, त्यो जेवतोय का."

वर्षाराणी हसली. "काय काकू, तुम्ही तीनदा गेलासा की. तुम्हाला ठाऊक नाही व्हय?"

"येकच घास खाताना बघितला. म्या भरवला त्यो."

बादलीतला आवाज थांबला.

"फुडं?" अण्णासो म्हणाले. म्हशीच्या आडून, मान वर न करता. लेकाविषयी एवढ्या काळात विचारलेला तो पहिला शब्द.

अंजनाबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. आता लपवून तरी काय उपयोग? "फुडं काय. म्या भरवला म्हणून त्याला खाली धाडलं. भांडी घासाया."

गोठ्यात म्हशीनं शेपटी मारली. वर्षाराणीला काहीतरी चुकलं असं वाटलं, पण काय ते उमगलं नाही. अण्णासो उठले, गिलास भरला आणि नेहमीच्या रिवाजानं तिच्या हातात दिला. तिनं घाईनं दूध संपवलं, "येते काकू," म्हणाली आणि निघाली.

कट्ट्यावर गिलास विसळायला गडी होता. आयुष्यात अण्णासोंनी एक गिलास धुतला नव्हता. त्यांनी तो रिकामा गिलास उचलला, नळाखाली धरला, राखेची चिमूट घेतली आणि घासायला लागले. गिलास केव्हाच लख्ख झाला होता. पाणी वाहून जात होतं, बोटं पांढरी पडत चालली होती, तरी ते घासत राहिले.