ओळखपत्राशिवाय तिकीट नाही

मुलीच्या कॉलेजच्या कबड्डी सामन्याचं तिकीट आज तिच्या फोनवर आलं आणि मला बालाघाटचं आमच्या कॉलेजचं मैदान, आखलेल्या चुन्याचा वास आठवला. तिथल्या एका सामन्याला फाटकावर विद्यार्थ्यांना तिकिटं मी देत होतो, ओळखपत्र पाहूनच. माझा एकमेव मित्र, किरनापूरचा दिलीप, ओळखपत्र घरी विसरून आला.

“मले तू ओळखत नाही का बे?”

“ओळखतो. पण कार्ड पाह्यजे.”

“हौ साहेब, राहू द्या,” म्हणत त्यानं हसून सायकल वळवली.

आम्ही जिंकलो. तीनशे बारा मुलं एका सुरात ओरडत होती. मीही ओरडलो आणि सवयीनं शेजारी वळलो.

पुढची दोन वर्षं तो मला साहेबच म्हणाला. नावानं हाक मारणारं कॉलेजात दुसरं कोणी नव्हतं.