मामाजीनं पाय उचलले

पाय उचलून अख्ख्या देवळाले घाम फोडणारा माणूस बल्लारपुरात एकच होता, ते म्हणजे माझे मामेसासरे. आमच्या ख्रिस्ती देवळात ते पायपेटी वाजवत. दोन पायानं भाता हाणायचा, बोटानं सूर, आन् गाणाऱ्याचा सूर जरासा घसरला का हे बोलत नसत, नुसते पाय उचलत. मग हवा सरून पेटी म्हशीवानी "हूंऽऽ" करून मरे आन् सगळे एकमेकाकडे पाहत, कोण चुकलं, कोण चुकलं! सुराचं येडच होतं त्याइले. कारखान्याचा भोंगा झाला का जेवता जेवता म्हणत, "आज उतरला," आन् एकदा तर गेटवर जाऊन सायबाले सांगून आले. माझ्या कुकरले मात्र कधी नाव नाई ठेवलं. "सूनबाई, तुया घरात एवढंच सुरात हाय," म्हणे.

आमच्याइथी रीत अशी का नाताळाच्या आधीच्या रविवारी येशूच्या आईचं, मरियेचं गाणं त्या वर्षी जी नवीन आई झाली तिनं एकटीनं उचलायचं, मंग मागून बाया वरच्या सुरात, माणसं खालच्या सुरात येतात. चाल इंग्रज पाद्र्याच्या वेळची, लंबी, वळणावळणाची. त्या वर्षी नवीन आई मी! एटापल्लीकडच्या खेड्यातून आलेली, सातवी शिकलेली. भेवानं भाकरी करपत, पण गाणं चालूच.

"मामाजी, मी चुकली तं?"

"तं पाय उचलीन."

"सगळ्याइसमोर?"

"मंग काय पेटी घरी नेऊन बंद करू?"

त्या रविवारी रांगती पोरगी सासूबाईच्या मांडीवर देली आन् उभी राह्यली. पयली ओळ बरी गेली, दुसरी गेली, आन् तिसरीवर... हूंऽऽ! पेटी मेली. सगळ्याइनं माझ्याकडंच पाह्यलं, एकमेकाकडं पाहाचं कामच नव्हतं. पण भेवानं थांबाचंच सुचलं नाई, गातच सुटली. तेवढ्यात पेटीमागून आवाज, "थांबू नको, सूनबाई, गा!" आन् मामाजी सोता गाऊ लागले. जन्मात कोणी त्याइचं गाणं ऐकलं नव्हतं. आन् काय सांगू, मामाजी साफ बेसूर! त्याइले सोडून सगळे आपापल्या सुरात आले, कसंबसं आमेन झालं.

पेटीमागं जाऊन पाह्यलं तं मामाजी दोन्ही पाय हवेत धरून, झुल्यावर बसल्यावानी, आन् खाली भात्यावर माझी पोरगी, सासूबाईच्या मांडीवरून सटकून रांगत आलेली, त्याइच्या पँटीले लटकलेली.

"बोटं दबली असती ना पोरीची," म्हणे. "तू नव्हती चुकली."

"पण मामाजी, तुमचा सूर..."

"ते कोणाले सांगू नको."

नाई सांगितलं, ते होते तवरी. आता देवळात विजेची पेटी हाय. पोरगी वरच्या सुरात गाते. कोणी कितीही घसरो, पेटी आपली वाजतच राह्यते, चुकलं कोण ते समजतच नाई. तिसऱ्या ओळीवर आलं का माझं ध्यान अजून खालीच जाते, कोणी पाय उचलते काय म्हणून.