साखराबाईच्या घरातले सात पंखे

आप्पारावांच्या माळवदावर एकदा सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण जुंपलं. खाली अंगणात साखराबाई त्यांचीच गोधडी शिवत बसली होती. कान काही बंद करता येत नाहीत.

"माझी बोरमाळ कशापायी मागताय?" सून.

"तुझा भाऊ मुक्कामाला आलाय. लई गुणाचा हाय, म्हणून कुलपात ठेवायला मागते."

"तुमच्या पेटीत न्हाई ठेवायची. तुमचा लेक पत्त्यावर लावील."

एकमेकींचं माहेर धुऊन झाल्यावर दोघी दमल्या, आणि माळ फडक्यात बांधून साखराबाईच्या ओटीत टाकून गेल्या. घरात तीन लोखंडी कपाटं, अन् सोनं ठेवायला विधवेचं पत्र्याचं घर! एवढा त्या मोठ्या घराचा एकमेकांवर विश्वास.

तेव्हापासून गल्लीला सवयच लागली. कुणी कपिलधारला जत्रेला निघालं, की किल्ल्या, डागिने, तुपाची बरणीसुद्धा साखराबाईकडं. तिनं कधी कुणाची गाठ सोडली नाही, अन् एकीचं दुसरीला सांगितलं नाही. लोक म्हणायचे, "इमानदार हाय बिचारी." म्हणायला काय जातंय? कपभर चहा द्यायचा म्हटलं तर साखर लागते.

पुढं ते नवं वारं आलं. टीव्ही, मिक्सर, कूलर, सगळं हप्त्यावर मिळायला लागलं. गल्लीनं ते घरात भरलं, अन् लाइटबिल वाढलं तेव्हा छाती बडवून घेतली. मग सरकारला दया आली. ज्याच्या घरी एकच बल्ब, त्याला बिल निम्मं. साहेब घरोघर येऊन बघणार.

साखराबाईच्या घरी खरंच एक बल्ब होता. दिवसा लोकांच्या रानात खुरपायचं, अन् दिवेलागणीनंतर त्या बल्बाखाली गोधड्या शिवायच्या. रॉकेलच्या चिमणीत तिला सुईचं नेढं दिसत नव्हतं. दोन बिलं थकली होती. लाइनमन सांगून गेला होता, आता तार काढणार. सवलत मिळाली तर बल्ब राहणार, बल्ब राहिला तर भाकरी.

आप्पाराव सरपंच. त्यांनी महादेवाच्या पारावर माणसं गोळा केली. "सरकार गरिबाला देतंय. आपल्याला फक्त उद्याच्या दिवस गरीब व्हायचंय."

सगळे हसले. सामान लपवायचं कुठं? शेजाऱ्याकडं ठेवावं तर तो परत देईल याचा भरवसा नाही. अख्ख्या गल्लीला एकच घर आठवलं.

सकाळी वाण्याची शिवकन्या मिक्सर घेऊन दारात. "मावशी, दुपारपर्यंत ठेवा."

"अगं, साहेब माझ्याकडं बी येणार हाय की."

"तुमच्याकडं काय बघायचंय? तुमच्याकडं हाय काय?"

बोलणं काळजाला लागलं, पण हात सवयीनं पुढं झाला होता. मग रांगच लागली. सात पंखे, चार टीव्ही, दोन कूलर. आप्पारावांचा रंगीत टीव्ही दोन गड्यांच्या खांद्यावरून आला, भरतकामाचा रुमाल पांघरून, नवरदेवासारखा.

साहेबांनी सुरुवात आप्पारावांच्या घरापासून केली. आढ्याला पंख्याचा रिकामा आकडा होता, भिंतीवर टीव्हीएवढा पांढरा चौकोन होता. साहेबांना मलईचा चहा तेवढा दिसला. असं करत शेवटी ते साखराबाईच्या दारात वाकले.

"सात पंखे? बाई, तुम्ही जेवता का नुसता वाराच खाता?"

"माझे न्हाईत साहेब. ठेवायला दिलेत."

"कुणी?"

साहेबांच्या पाठीमागं गल्ली उभी होती. शिवकन्या पदर सारखा करीत होती, तो आधीच सारखा होता. आप्पाराव आभाळाकडं बघत होते. एक नाव घेतलं असतं तर तिची तार वाचली असती. साखराबाईनं एकेकाच्या तोंडाकडं बघून घेतलं. कुणी तरी 'माझं हाय' म्हणेल, असं तिला वाटलं होतं. खुळीच म्हणायची.

"ठेव कुणाची ते मी सांगत नसते," ती म्हणाली.

साहेबांनी कागदावर लिहिलं, सधन कुटुंब.

"नियम म्हणजे नियम, साहेब," आप्पाराव म्हणाले. शरम कधी त्या उंबऱ्याला शिवली असेल तर शपथ.

दिवस मावळायच्या आत सामान ज्याचं त्याच्याकडं गेलं. आप्पारावांचा गडी तेवढा परत आला. टीव्हीला ओरखडा पडलाय, मालक विचारत होते.

साखराबाईनं कानातली फुलं मोडून थकलेलं भरलं. तार राहिली. पुढं दर खेपेला ती पुरतं बिल भरायला नांदूरघाटला चालत जायची. अन् जातेच आहे म्हटल्यावर गल्ली आपापली निम्मी बिलं तिच्याच पिशवीत टाकायची. पैसे खाणार नाही ही खात्री होतीच.

शेवटची खेप तिनं श्रावणात केली. अंगात ताप होता, पण तारीख सरत होती. रांगेत उभी राहून तिनं आधी लोकांची बिलं भरली, मग आपलं. शिक्के नीट बघून घेतले. गल्लीत येऊन घरोघर पावत्या दिल्या. शिवकन्या आतूनच म्हणाली, "ठेवा मावशी खिडकीत." तिनं ठेवली. आप्पारावांकडं सगळे जेवायला बसले होते, कुणी उठलं नाही. ओसरीवर वारं होतं. तिनं पावती कट्ट्यावर ठेवली, उडू नये म्हणून वर खडा ठेवला, अन् खोकत घराकडं वळली.