तुमचा स्टॉप मागं ऱ्हायला

मास्तर गाडीवाल्याशी वाद घालत नसत. बागेत गाडी शिरली की ते शांतपणे तिच्या मागे जाऊन उभे राहत, डिकीवर पंजाने धपाधप थापा मारत आणि ओरडत, "येऊ द्या! येऊ द्या! डावीकडं घ्या... येऊ द्या!" आत बसलेला माणूस कितीही तालेवार असो, त्या थापेने त्याचा हात आपोआप रिव्हर्सवर जाई. आपण आत चाललो होतो, बाहेर नव्हे, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर गेलेली असे. मग मास्तर खिडकीशी वाकून अगदी अदबीने सांगत, "तुमचा स्टॉप मागं ऱ्हायला हुता, साहेब. हितं उतरायचं."

सगळी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. उभे राहिले की पाय फाकवून राहत. जमीन कधी हलेल याचा त्यांना भरवसा नव्हता. डेपोतला एक नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की निवृत्तीनंतरही तो सुटला नाही. "मागं मानूस हुबा असल्याबिगर गाडी मागं घ्यायची न्हाई. ड्रायव्हर कितीबी तरबेज असू दे. त्याला पाठीला डोळं न्हाईत." बाजारात कुणीही गाडी मागे घेताना दिसला की मास्तर हातातली पिशवी खाली ठेवून मागे जाऊन उभे राहत. ओळख असण्याची गरज नसे.

आमचं गाव नगर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला आहे. नाव सांगत नाही, कारण मला इथेच पिठाची गिरणी चालवायची आहे. जिल्ह्याचं नाव बदललं, गावात दुचाकींची आणि चारचाकींची शोरूम आली, पाऊस मात्र होता तेवढाच राहिला. अशा गावात एक बाग आहे आणि तिच्यात कडुनिंबाची मोठी झाडं आहेत, हेच नवल. दिवसभर गिरणीचा पट्टा डोक्यात घरघरत असतो. सकाळचा तेवढा एक तास मी त्या झाडांखाली चालत असे, आणि तेवढ्यावर माझा दिवस निघत असे.

पूर्वी बागेला एकच अरुंद फाटक होतं. सायकलसुद्धा तिरकी करून आत न्यावी लागे. एका उन्हाळ्यात झाडं वाळायला लागली, तेव्हा टँकर आत घेता यावा म्हणून भिंत पाडून मोठं फाटक केलं. झाडं जगली आणि टँकर बंद झाला, पण फाटक मोठंच राहिलं. मोठं फाटक उघडं दिसलं की आपल्या माणसाला राहवत नाही. आधी उद्यान समितीच्या अध्यक्षांची गाडी आत येऊन उभी राहिली. अध्यक्षांची चालते तर आमची का नाही, म्हणून मग सगळ्यांच्याच आल्या.

मला संताप येतो तो याचा, की ही सगळी माणसं चालायला येत होती! चालायला म्हणून घरून गाडीत बसायचं, थेट बागेच्या पोटात यायचं, हात हलवत दोन-चार चकरा मारायच्या आणि पुन्हा काचा वर करून थंडगार घरी जायचं. गाड्या लावायच्या त्या कडुनिंबाच्या सावलीत. उन्हाने रंग उडतो म्हणे! त्या सावलीतले बाक गाड्यांच्या आड गेले आणि म्हातारी माणसं तापल्या कठड्यावर जाऊन बसली. त्यांचा रंग उडाला तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मास्तरांना मात्र सावलीचं काही नव्हतं. त्यांची अडचण निराळी होती. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लकवा झाला होता. उजवा पाय ओढत चालावं लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज सपाट जागी चालवा, बसली की कायमची बसेल. आमच्या गावात सपाट जागा शोधून दाखवा! रस्त्याला फूटपाथ नाही. जिथे आहे तिथे मोटारसायकली उभ्या, नाहीतर वडापावची गाडी. राहिली ती बाग. मास्तर रोज सकाळी काकूंना घेऊन येत आणि त्यांच्या मागून चालत. हात धरत नसत. दोन्ही हात काकूंच्या कमरेपासून वीतभर लांब धरून, न टेकवता, मागून येत. "हात धरला की ती माझ्या जिवावर चालती," ते मला म्हणाले होते. "तिला तिच्या जिवावर चालू द्या, ताई."

लकव्याने काकूंची वाचा गेली होती. व्हय आणि न्हाई एवढेच शब्द ओठावर येत, तेही ओढून. शिव्या मात्र काय कोण जाणे शाबूत राहिल्या होत्या. मागून हॉर्न वाजला की काकूंचा पाय जागच्या जागी थिजे, अंग थरथरे, आणि तोंडातून स्वच्छ, खणखणीत शब्द बाहेर पडत, "मुडदा बशिवला तुजा!" मास्तर अभिमानाने माझ्याकडे बघत. "बगा, डॉक्टर म्हनतो बोलनं बंद झालं." मग ते त्यांना कठड्यावर टेकवत आणि गाडीच्या मागे जाऊन डिकीवर थाप मारत.

एकदा एक जण कोरी गाडी घेऊन आत आला. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं चिरडलेली. शोरूममधून निघाला तो थेट बागेत, का, तर झाडांपुढे फोटो चांगला येतो म्हणून. सगळं कुटुंब गाडीभोवती नटून उभं. मास्तरांनी आधी फोटो काढू दिला. पेढाही घेतला, कपाळाला लावून खाल्ला. मग मागे गेले आणि म्हणाले, "चला, नव्या गाडीला पैलं रिव्हर्स शिकवू. येऊ द्या!" ते कुटुंब हसत हसत, हात हलवत बागेबाहेर गेलं. माणसाला लाज वाटू न देता त्याची चूक दुरुस्त करणं मास्तरांना जमायचं. मला आजही जमत नाही. मी थेट भांडते.

सगळे असे हसत जात नव्हते. कुणी अध्यक्षांना फोन लावायचा, कुणी "तुम्ही कोण विचारणारे?" म्हणून अंगावर यायचा. "मी पॅसिंजर हाय," मास्तर सांगत. "ही बाग माजी गाडी. हिच्यात मानसं बसत्यात. गाडीत गाडी भरत्यात व्हय कुटं?"

तक्रारी वाढल्या तसा समितीने बागेत फलक लावला: 'ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी वाहनांना आत प्रवेश.' वाचून माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवसापासून गावातला प्रत्येक गाडीवाला कुणा ना कुणा ज्येष्ठाचा आज्ञाधारक मुलगा झाला. ज्येष्ठ गाडीत असोत की घरी झोपलेले असोत.

मास्तर मला घेऊन समितीच्या बैठकीला गेले. अध्यक्ष फार गोड बोलतात. "काका, अहो हे तुमच्या काकूंसाठीच केलंय. त्यांना अगदी बाकापर्यंत गाडीतून आणा ना! एवढा त्रास कशाला?"

"हिला बाकापत्तुर आनायची सोय नगं, साहेब," मास्तर म्हणाले. "हिला बाकापत्तुर चालायची सोय पायजे."

तिथे एक बाई होत्या. त्यांच्या आईला संधिवात, रिक्षाने यावं लागे. त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "माझ्या आईने काय करायचं मग?" प्रश्न खरा होता आणि मास्तरांनी तो झटकला नाही. "तुमची रिक्षा फाटकापत्तुर येऊ द्या. तितनं तुमच्या आईला मी आनतो. रोज." आणि त्यांनी आणलंही. एका हाताला त्या आजी, पुढे काकू, अशी त्यांची वरात कितीतरी सकाळी मी पाहिली आहे. समितीला मात्र एवढं साधं उत्तर नको होतं. फाटकाशी एक खुर्ची ठेवा, एक माणूस ठेवा, झालं. पण त्यात अध्यक्षांची गाडी सावलीत कशी उभी राहणार?

मग ती सकाळ आली. काकू त्या दिवशी छान चालत होत्या. मास्तर त्या आजींना घ्यायला फाटकाकडे वळले होते, म्हणून काकूंच्या मागे मी होते, मास्तरांसारखेच हात लांब धरून. कडुनिंबाखाली लावलेली एक गाडी निघायची होती. ती मागे आली. मागे कुणी उभं नव्हतं. मी ओरडले, तोवर गाडीवाल्याने भोंगा दिला. काकूंचा पाय थिजला, तोल गेला, आणि माझे ते लांब धरलेले हात त्यांना आवरू शकले नाहीत. खुब्यावर पडल्या आणि त्यांची शुद्ध हरपली.

गाडीवाला खाली उतरला. आधी त्याने गाडीचा मागचा भाग पाहिला. मग म्हणाला, "धक्का लागलाय का? नाही ना? बघा, दोन फूट लांब आहे गाडी." आतून त्याची बायको म्हणाली, "अशा माणसांना घरी बसवत का नाहीत हो?" आजही भाकरी थापताना ते वाक्य आठवलं की माझी भाकरी फाटते. घरी का बसवत नाहीत! त्या बाईला बागेत फिरायचा हक्क होता, तिच्या गाडीला सावलीचा हक्क होता, आणि जिला चालायला शिकायचं होतं तिने घरी बसायचं. मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकू शुद्धीत असत्या तर त्यांना पसंत पडलं असतं.

मास्तर धावत आले. मला वाटलं, आता डिकीवर थाप पडणार. ते गाडीकडे बघायलाही तयार नव्हते. काकूंचं डोकं मांडीवर घेऊन ते फरशीवर बसले आणि त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिले. गाडी तशीच बाजूने वळून निघून गेली.

नगरला नेऊन खुब्याचं ऑपरेशन केलं. सळई बसली, पण काकू पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पाय नव्हे, धीरच मोडला होता. महिनाभराने मास्तरांनी भाड्याचं घर सोडलं आणि ते काकूंना घेऊन पाथर्डीकडच्या आपल्या गावी गेले. सामान टेम्पोत चढवताना मी विचारलं, "बागेत एकदा येऊन जाता का?" मास्तर म्हणाले, "नगं. तिथं मी तिला एकलं सोडलं, ताई." मी सांगून थकले की सोडलं तुम्ही नाही, सोडलं समितीने. जो माणूस सगळ्या जगाच्या मागे उभा राहिला, त्याने दोष मात्र स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला, आणि ज्यांच्या गळ्यात तो बांधायला हवा होता ते रोज सकाळी चकरा मारत होते.

समितीने काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. नवा फलक लावला. 'वाहने सावकाश चालवा.' बागेत! खाली फुगा धरलेल्या मुलीचं चित्र.

मास्तर गेल्याचा निरोप त्यांच्या मुलाने दिला. झोपेतच गेले. दहाव्याला मी एसटीने गेले. माणसं नदीवरून परतली होती, अंगणात बायकांची ये-जा चालू होती, आणि काकू दारात खुर्चीवर बसल्या होत्या. हात हातात घेतला तेव्हा त्यांनी मला ओळखलं. डोळे भरले, पण त्या रडल्या नाहीत. बराच वेळ ओठ जुळवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाग?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्या बाईपुढे ते जमेना. "आहे, काकू. गाड्या अजून आत येतात."

मला वाटलं, आता शिवी येईल. आली असती तर मला बरं वाटलं असतं. काकूंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट धरलं, आणि लकवा झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द एकेक अक्षर ढकलत बाहेर काढला.

"हा... क... ल."

"मी एकटी काय हाकलणार, काकू?"

त्यांनी मनगट हलवलं, आणि या वेळी शब्द सलग आला. "हाकल."

दुसऱ्या दिवशी मी गिरणी उशिरा उघडली. दारात डबे घेऊन बायका खोळंबल्या, ओरडल्या. त्यांना म्हटलं, आता रोज असंच होणार, दळण संध्याकाळी आणा. त्याआधी सकाळी मी बागेच्या मोठ्या फाटकाच्या मधोमध जाऊन उभी राहिले होते. पहिली गाडी अध्यक्षांचीच आली. काच खाली झाली, गोड आवाजात ते म्हणाले, "ताई, जरा बाजूला होता का?"

मी म्हटलं, "नाही."